व्हॉयेजरवरची केसरबाईंची भैरवी: मला आवडलं ते गाणं की त्यामागची गोष्ट?

नदीकाठ

नमस्कार मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इथे गाणं ऐकणारी, शिकलेली बरीच जण आहेत म्हणून इथेच विचारते.

केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं, यूट्यूबवर एकामागून एक आपोआप लागत जातं ना तशी ती लागली. तबकडीची खरखर, मागे काय वाजतंय ते धड कळत नाही, आणि बाईंचा एकदम भरदार आवाज, ज्याची मला सवयच नव्हती कारण आमच्या घरी बाईचा आवाज म्हटलं की लता-आशा, बस्स. अर्ध्या मिनिटात मी पुढचं लावलं. गातंय कोण हेसुद्धा वाचलं नाही.

नंतर कधीतरी व्हॉयेजरबद्दल वाचत होते. १९७७ साली नासाने जी दोन यानं सोडली त्या दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत (मराठीसुद्धा आहे!), आणि जगभरातले संगीताचे २७ तुकडे आहेत. बाख आहे, बीथोव्हन आहे, आणि भारतातलं म्हणून एकच, ही भैरवी, साधारण साडेतीन मिनिटांची. पहिलं व्हॉयेजर २०१२ मध्ये आणि दुसरं २०१८ मध्ये सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून तारकांमधल्या अवकाशात गेलं. म्हणजे आपल्या गोव्यातल्या एका बाईचा आवाज तिकडे चाललाय आणि आपण सगळे गेल्यावरही चालत राहणार.

हे वाचून त्या रात्री हेडफोन लावून परत ऐकली आणि अंगावर काटा आला. खरंच आला. आता रोज ऐकते, त्यातली एक जागा आहे, साधारण मधोमध, तिथे त्या वर जाऊन जे थांबतात त्याची मी वाट बघत असते.

माझा भाऊ म्हणतो, तुला गाणं नाही आवडलं, तुला नासा आवडलं. उद्या तुला कळलं की यानावर दुसरीच भैरवी आहे आणि ही नाही, तर तू हिच्याकडे ढुंकून बघणार नाहीस. मला राग आला पण उत्तर देता आलं नाही. फाइल तीच, खरखर तीच, माझे कान तेच. मग बदललं काय? आणि गोष्ट कळल्यामुळे आलेली आवड खरी धरायची की नाही? तुमचं काय मत, आणि तुमच्या बाबतीत असं झालंय का ते पण लिहा.

जुनी तबकडी

छान धागा. भावाला सांगा की पहिल्यांदा तू अर्धं मिनिट दिलं होतंस आणि दुसऱ्यांदा पूर्ण साडेतीन मिनिटं, ती पण हेडफोन लावून, रात्री, दुसरं काही न करता. त्यामुळे "तेच गाणं" दोनदा ऐकलं हेच मुळात खरं नाही. पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं. गोष्टीने काय केलं तर तुम्हाला थांबवलं. पुढचं काम केसरबाईंनी केलं. नुसती गोष्टच आवडली असती तर ती एकदा ऐकून, चार जणांना फॉरवर्ड करून विषय संपला असता, मधोमधच्या एका जागेची वाट बघत बसला नसतात.

आता थोडं त्या साडेतीन मिनिटांबद्दल, कारण संदर्भ म्हणतो तो फक्त गोष्टीत नसतो, यंत्रातही असतो. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. ज्या बाई मैफलीत एकेक राग तासभर सहज मांडत त्यांना इथे पहिल्या सुरापासून घाई, आलापाला जागा नाही, स्थायी अंतरा आणि ताना सगळं त्यात बसवायचं. लाखेची जड तबकडी, जवळजवळ प्रत्येक बाजूला सुई बदलायची, हाताने चावी द्यायची, आणि लहानपणी आमच्याकडे तबकडीला बोट लागलं तर धपाटा मिळायचा, त्यामुळे ती साडेतीन मिनिटं घरातले सगळे जीव लावून ऐकायचे. तुम्ही ज्या खरखरीमुळे पुढे गेलात ती खरखर सुरू झाली की आमच्या घरात सगळे गप्प व्हायचे. मला आजही स्वच्छ केलेली डिजिटल प्रत ऐकताना काहीतरी चुकल्यासारखं होतं, आणि ते गाण्यात काही कमी आहे म्हणून नाही हे मला कळतं.

दुसरं भैरवीचं. शास्त्राने म्हणायचं तर सकाळचा राग, रे ग ध नी चारही कोमल, पण आपल्याकडे मैफलीचा शेवट भैरवीने. रात्र-रात्र चालणाऱ्या मैफली पहाटे संपायच्या तिथून हे आलं असं जुनी माणसं सांगायची. त्यामुळे मराठी श्रोत्याला भैरवीचे सूर लागले की आत कुठेतरी "आता उठायचं" असं होतं, चांगली मैफल असेल तर जीव थोडा कासावीस होतो. ही सवय नसलेल्या माणसाला ते सूर नुसते उदास वाटतील, नाहीतर गोड वाटतील. व्हॉयेजरच्या तबकडीवर ही भैरवी शेवटून तिसरी आहे, तिच्यानंतर ब्लाइंड विली जॉन्सनचा एक ब्लूज आणि मग बीथोव्हनच्या चार तंतुवाद्यांच्या एका रचनेतला संथ भाग. निवडणाऱ्यांनी हे आपली रीत माहीत असून केलं की नुसतं कानाला तसं लागलं म्हणून, माहीत नाही, पण मला ती जागा अगदी योग्य वाटते.

तर्कटी

मला हे सगळं फार सोयीचं वाटतं. धागाकर्तीचा भाऊ बरोबर बोलतोय आणि सगळे त्याला गप्प करतायत.

पाश्चात्य ऑर्केस्ट्रांमध्ये वादक निवडताना मध्ये पडदा लावतात. बोस्टन सिम्फनीने १९५२ मध्ये सुरू केलं, मग इतरांनी. वाजवणारा कोण, बाई की बुवा, कुणाचा शिष्य, काही दिसत नाही, फक्त आवाज. का लावतात? कारण डोळ्यांना दिसलं की कान खोटं बोलतात हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे बरोबर उलटं. घराणं सांगा, गुरू सांगा, त्यांनी किती हालअपेष्टा सोसल्या ते सांगा, मग पहिल्या सा ला वाहवा. मी स्वतः बघितलंय, मोठं नाव असलं की गळा बसलेला असला तरी माना डोलतात, आणि आधीच्या सत्रात एखादी नवीन मुलगी अप्रतिम गाऊन जाते तेव्हा निम्मं पब्लिक वडापावच्या स्टॉलवर असतं. आता ह्याला रसग्रहण म्हणायचं का?

माझं म्हणणं साधं आहे, नावं झाकून ऐका. दहा गायिकांच्या भैरव्या एका प्लेलिस्टमध्ये टाका, कुणालातरी नावं लपवायला सांगा आणि मग केसरबाईंची उचलून दाखवा.

सुरभी_७

+१ तर्कटी. वडापाव स्टॉलचं अगदी खरं आहे, फार वाईट वाटतं त्या मुलींसाठी.

पायपेटी

तर्कटी, नवीन गायकांवर अन्याय होतो हे शंभर टक्के मान्य, त्यासाठी पडदा लावावा, जरूर लावावा, नोकरी द्यायची असेल तिथे तर लावायलाच हवा. पण पडद्यामागचा कान कोरा असतो हे मला पटत नाही. पडद्यापलीकडे बसलेले परीक्षक तीस-तीस वर्षं तेच संगीत ऐकून तयार झालेले असतात, म्हणून तर त्यांना कळतं. त्यांच्या जागी कधीच ते न ऐकलेला माणूस बसवला तर पडदा असून उपयोग काय.

मी पेटी वाजवतो म्हणून पेटीचं उदाहरण देतो. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, हे आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. म्हणे पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) काढता येत नाही, तिचे सूर ठोकून बसवलेले, आपल्या रागांच्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, त्यात बसत नाहीत, आणि शिवाय ती परदेशी. ह्यातलं मींडेचं अगदी खरं आहे, श्रुतींचंही बरंच खरं आहे. पण त्या तीसेक वर्षांत पेटीचे सूर बदलले का? नाही. तीच पेटी मैफलींत, नाटकांत, भजनांत, लग्नाच्या पंगतीत वाजत होती आणि लोकांचे डोळे पाणावत होते, आणि त्याच वेळी रेडिओवर ती अपवित्र होती. आज ख्यालाच्या साथीला पेटी नसली तर श्रोत्यांना चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. म्हणजे "शुद्ध कानाने ऐकतोय" असं ज्यांना वाटत होतं त्यांचाही कान त्यांच्या काळाने घडवलेला होता, स्वदेशीचा काळ, शुद्ध भारतीय काय ते ठरवायची धडपड, सगळं त्यात होतं.

ह्याहून मजेशीर ऑर्गनचं आहे. संगीत नाटकात पायाने भाता मारायचा ऑर्गन आला आणि आपल्या लोकांनी तो इतका आपला करून टाकला की ऑर्गनचा पहिला भरीव सूर आला की मराठी माणसाला पडदा वर जाताना दिसतो, बालगंधर्वांचं नाव आठवतं, धुपाचा वास येतो. माझ्या वडिलांना तर यायचाच, त्यांनी गंधर्वांना स्टेजवर कधी बघितलेलं नसतानासुद्धा! जर्मनीतल्या माणसाला हाच आवाज ऐकवा, त्याला चर्च आठवेल, रविवार सकाळ आठवेल, कदाचित अंत्ययात्रा आठवेल. आवाज एकच. आता ह्या दोघांपैकी खरं कोण ऐकतोय?

नदीकाठ

वा पायपेटी, ऑर्गनचं मला माहीतच नव्हतं. आणि जुनी तबकडी काका (काकाच म्हणते, रागावू नका), मधोमधच्या जागेचं तुम्ही बरोबर पकडलंत.

तर्कटी, तुमची प्लेलिस्ट मी बहिणीला करायला सांगितलीय, नावं झाकून. पण मला आधीच एक शंका आहे, मी केसरबाईंचा आवाज आता ओळखते, दहातून नक्की उचलेन, मग तो प्रयोग होणार कसा? जे माहीत झालं ते परत माहीत नसल्यासारखं ऐकता येतं का कुणाला?

डिचोलीकर

मी गोव्याचा, म्हणून थोडं. व्हॉयेजरची गोष्ट सगळीकडे सांगतात, आम्हालाही तिचा अभिमान आहे, पण ती गोष्ट इतकी चकचकीत आहे की तिच्यामागे बाकीचं सगळं झाकलं जातं, आणि माझ्या मते ऐकताना उपयोगी पडतं ते हे बाकीचंच.

केसरबाई केरीच्या, फोंडा तालुक्यातल्या, जन्म १८९२. कलावंत समाजातल्या. ह्या समाजातल्या बायकांनी देवळात, मैफलीत गायचं, मोठ्या लोकांनी ते ऐकायचं, दाद द्यायची, आणि घरी जाऊन त्यांच्याबद्दल काय बोलायचं ते बोलायचं, अशी ती पद्धत. गोव्यातून ज्या मोठमोठ्या गायिका पुढे आल्या, केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, त्यांच्यामागे हा सगळा इतिहास आहे. केसरबाई लहान वयात कोल्हापूरला जाऊन अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या, मग वझेबुवांकडे, मग मुंबई, आणि १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची तालीम जी खाँसाहेब असेपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत सुरू राहिली. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याची, लांब दमसास, 'आ'कारात बांधलेली तान, लयीत प्रत्येक सूर पेरलेला, आणि राग अवघड, जोडराग (दोन राग एकत्र केलेले). ती गायकी बाईच्या गळ्यात एवढ्या ताकदीने बसू शकते हे त्यांनी भर मैफलीत दाखवून दिलं.

हे माहीत झालं की तो आवाज "पुरुषी" वगैरे वाटत नाही. बाईने नाजूकच गायचं, गोडच गायचं हे आपल्या कानात नंतर बसलेलं आहे. धागाकर्तीने स्वतःच लिहिलंय की घरी लता-आशा सोडून बाईचा आवाज वाजला नाही. तेव्हा अर्ध्या मिनिटात जे बंद केलंत ना, ते पण कोऱ्या कानाने बंद केलं नव्हतं, त्या कानात पन्नास वर्षांचा सिनेमा होता. तर्कटी फक्त दुसऱ्या ऐकण्यावर संशय घेतायत, पहिल्यावर का नाही?

बाईंनी गाणं थांबवलं ते १९६० च्या दशकात, अजून लोकांना हवंहवंसं असताना. १९६९ ला पद्मभूषण मिळालं. वारल्या १६ सप्टेंबर १९७७ ला, व्हॉयेजर-१ सुटल्यानंतर अकरा दिवसांनी. ह्या तारखांवर लोक फार भावुक होऊन लिहितात, मला ते आवडत नाही, तो योगायोग आहे आणि त्याने त्यांचं गाणं कणभर मोठं होत नाही. बाईंच्या ध्वनिमुद्रिका मुळातच थोड्या, त्या सगळ्या ऐकाव्यात असं मला वाटतं.

अवांतर: 'जात कहाँ हो अकेली गोरी' हे इंग्रजी लेखांत एकटी मुलगी अनंतात निघाली वगैरे असं रंगवतात. चीज होळीची आहे हो. कान्हा रंग घेऊन वाट अडवून उभा आहे आणि गोरीला जाऊ देत नाही. अवकाशात पाठवल्यावर त्याच ओळीला दुसराच अर्थ चिकटला, तो वाईट आहे असं नाही म्हणत, पण मूळची छेडछाड, लाडिकपणा कानातून जाऊ देऊ नका. परत ऐका, ती हसत गातेय असं वाटेल.

तर्कटी

डिचोलीकर, पहिल्या ऐकण्यावर संशय घेतला नाही हा मुद्दा चांगला आहे, विचार करतोय. पण मग तुमच्या न्यायाने कुठलीही माहिती चांगलीच का? काही माहिती कान बिघडवत असेल ना?

देवास_पॅसेंजर

बिघडवते की. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण कुमार गंधर्व.

कुमारजींची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसंच गाणारं पोर, मग मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण, मग ऐन तरुणपणी क्षय, १९४८ ला हवा कोरडी म्हणून देवासला मुक्काम, काही वर्षं गायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद, अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकणं, आणि पन्नाशीच्या दशकात नवीन औषध मिळाल्यावर परत गायला लागणं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी.

आता ही गोष्ट ऐकलेला माणूस कुमारजी ऐकायला बसतो आणि त्याला प्रत्येक तुटक स्वरवाक्यात, प्रत्येक अचानक सोडलेल्या सुरात फुप्फुस दिसायला लागतं. "बिचाऱ्याला दम पुरत नव्हता म्हणून छोट्या छोट्या जागा." हे मी इतक्या जाणकार माणसांकडून ऐकलंय की कंटाळा आला. अरे, दम पुरत नाही म्हणून माणूस गाणं सोडतो, नाहीतर ओढून ताणून पूर्वीसारखं गायला बघतो. ह्यांनी लोकगीतांच्या धुनांतून राग कसा उगवतो ह्याचाच विचार केला आणि त्यातून नवे राग बांधले, लगनगंधार, मालवती, संजारी, सहेली तोडी, १९६५ ला 'अनूपरागविलास' हे आपल्या बंदिशींचं पुस्तक छापलं. सूर कुठे सोडायचा, मोकळ्या जागेत काय ऐकू येऊ द्यायचं हे त्यांचं ठरवलेलं असायचं. त्यांची निर्गुणी भजनं नीट ऐका, एखादा सूर ते भाल्यासारखा फेकतात आणि मग गप्प राहतात, ती शांतता तानपुऱ्याने भरते, आणि ते तानपुरे किती वेळ घेऊन, किती काटेकोर जुळवलेले असायचे हे ज्यांनी त्यांना ऐकलंय त्यांना विचारा. दमाचा प्रश्न असता तर एवढी चढी पट्टी, एवढा फेकलेला आवाज आला असता का?

तेव्हा आजारपणाची गोष्ट इथे कानाच्या आड येते. श्रोता कीव घेऊन ऐकतो, आणि कीव घेऊन ऐकलं की समोरच्याने मुद्दाम काय केलंय ते दिसत नाही. पण ह्याच गोष्टीतला दुसरा धागा, माळव्यातल्या बायकांच्या गाण्यांचा, तो धरला की कान एकदम उघडतो. मी माळव्यातली ती लोकगीतं आधी ऐकली, मग कुमारजी परत ऐकले, तेव्हा मला त्यांच्या लयीतला तो झोका पहिल्यांदा कळला.

माझ्यापुरती कसोटी अशी आहे की एखादी माहिती कळल्यावर मला गाण्यात आधी न ऐकू आलेलं काही ऐकू येतंय का. येत असेल तर घ्यावी. नुसतंच वाईट वाटत असेल, किंवा नुसताच अभिमान वाटत असेल, तर तिला थोडं बाजूला ठेवून ऐकावं.

जव्हारची

गाण्यातलं मला फार कळत नाही पण हा प्रश्न मला चित्रांच्या बाबतीत रोज पडतो म्हणून लिहिते, लांबलं तर माफ करा.

मी जव्हारला वाढले, आई तिकडे शिक्षिका होती. वारली चित्रं आता मगवर, पिशव्यांवर, मेट्रोच्या भिंतींवर, कुर्त्यांवर सगळीकडे आहेत आणि लोक म्हणतात किती साधं, किती गोड, दोन त्रिकोण आणि एक गोल की झाला माणूस. मी लहानपणी आईबरोबर पाड्यावर लग्नाला गेले होते तिथे पहिल्यांदा चौक, म्हणजे लग्नाचं भिंतीवरचं चित्र, बघितला. कारवीच्या कुडाची भिंत, शेणमातीने सारवून त्यावर गेरू, आतली खोली अंधारी, चुलीचा धूर, आणि त्या अंधारात तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. बांबूची काडी टोकाला चावून तिचा ब्रश करतात. चौक काढायचा सवाशिणींनी. मधोमध पालघट देवी, कडेच्या चौकोनात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव, आणि चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या इतक्या बारीक की जवळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत. धवलेरी बसून गाणी म्हणत होती, तीच लग्न लावते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. तिथे कुणीही मागे सरकून, मान तिरकी करून "किती छान" असं म्हणत नव्हतं. बघण्यासाठी ते काढलंच नव्हतं. देवीला बोलावण्यासाठी काढलं होतं. पुढे घर सारवताना, धुराने ते जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

वर सगळे "आवडलं की नाही आवडलं" बोलतायत ना, तर तो प्रश्नच तिथे नव्हता. आजी माझी वारीला जायची, तिच्या दिंडीतही तसंच, अभंग कुणी ऐकत नाही, सगळे म्हणतात, शेजारच्याचा सूर लागतोय का ह्याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. तेच अभंग सभागृहात तिकीट काढून ऐकताना मात्र आपण सूर तपासत बसतो. मला दोन्ही आवडतं, पण दोन्हीत मी वेगळी असते.

मग आता म्हणाल की चौक भिंतीवरून कागदावर आला हे वाईट झालं का. मला तसं नाही वाटत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी शासकीय कामासाठी डहाणूकडे आले, त्यांनी कागद दिला, आणि जिव्या सोमा म्हशे ह्यांनी जे काही केलं ते भिंतीवर कधी झालंच नसतं. पुरुषाने, लग्नकार्य नसताना, रोज, स्वतःच्या मनाने चित्र काढणं हेच नवीन होतं. त्यांची माशांच्या जाळ्याची चित्रं आहेत, सगळा कागद बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी भरलेला, जाळं हलतंय असं वाटतं. ती समोर उभं राहून बघायचीच चित्रं आहेत, दिवाणखान्यात, म्युझियममध्ये, कुठेही. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. संदर्भ बदलल्यावर जुनी गोष्ट पातळ होते तसं कधीकधी नवीन काही जन्मालाही येतं. मगवर जे येतं ते मात्र दोन्हीपैकी काहीच नसतं, तिथे ना देवी आहे ना म्हशेंचा हात, छापणाऱ्याने तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाचं वर्तुळसुद्धा अर्धं कापलेलं असतं कारण कानापाशी जागा कमी पडते. ज्यांच्या घरातून हे आलं त्या बायकांची नावं तर कुठेच नसतात. त्याचा मला फार राग येतो आणि तो राग रास्त आहे.

नदीकाठ, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर मी चौक पहिल्यांदा बघितला तेव्हा मला काहीही माहिती नव्हती, पण अंधार होता, धूर होता, गाणं होतं आणि बायका गंभीर होत्या, त्यावरून मला कळलं की हे काहीतरी मोठं आहे. तुम्हाला यूट्यूबवर तसं काहीच मिळालं नाही. केसरबाई कधीच अशा एकट्या, आजूबाजूला काहीही नसताना गात नसणार ना. तेव्हा व्हॉयेजरच्या लेखाने तुम्हाला ती खोली तयार करून दिली असं मला वाटतं. तुमच्या भावाला ती खोली खोटी वाटते, पण कुठलीतरी खोली लागतेच.

पायपेटी

जव्हारची, फार सुंदर लिहिलंत. मगच्या कानाचं वाचून आता दर वेळी तेच दिसणार.

तर्कटी

मान्य, खोली लागते. माझी तक्रार एवढीच राहील की खोली कोण बांधतंय ते बघा. नासाने बांधली म्हणून आपण केसरबाईंकडे वळलो, अमेरिकेतून शिक्का आल्यावर. ह्याचं वाईट वाटायला हवं असं मला अजूनही वाटतं. आणि तुमची प्लेलिस्ट झाली की इथे टाका, मी पण नावं न बघता ऐकतो, मी केसरबाई फारशा ऐकलेल्या नाहीत त्यामुळे माझ्यावर प्रयोग होऊ शकेल.

जुनी तबकडी

तर्कटी, शिक्का अमेरिकेचा म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. केसरबाईंची ही भैरवी व्हॉयेजरसाठी सुचवली ती रॉबर्ट ब्राउन ह्यांनी, भारतीय संगीताचा आयुष्यभर अभ्यास केलेला माणूस होता तो. त्यांनी आपल्याइतकंच, कदाचित जास्तच, कान देऊन ऐकलं होतं. हां, आपल्याकडे ह्या तबकड्या शाळेत ऐकवत नाहीत ह्याचं वाईट वाटून घेऊ.

नदीकाठ, काका म्हणा, चालतंय. आता प्रयोगाचं. माहीत झालेलं पुसता येत नाही, पण गोष्ट नसलेलं गाणं शोधता येतं. केसरबाईंचा नटकामोद ऐका, तोडी ऐका, मालकंस ऐका. ह्यातलं काही अवकाशात गेलेलं नाही. तिथेही एखाद्या जागेची वाट बघायला लागलात तर भावाला काय सांगायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. सुरुवातीला ताना मोजायला जाऊ नका, फक्त श्वास कुठे घेतला ते पकडायचा प्रयत्न करा, सापडणार नाही सहजासहजी, जयपूरवाल्यांची तीच तर गंमत आहे. आणि ललत पण आहे त्यांचा, पहाटेचा राग, दोन्ही मध्यम (शुद्ध आणि तीव्र म) एकमेकांना लागून. तो आधी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर ऐका, नुसता. मग एखाद्या दिवशी उजाडायच्या आधी उठून, दिवा न लावता ऐका, आणि काही फरक पडला का ते इथे लिहा. नाही पडला तरी लिहा, तर्कटींना बरं वाटेल.